शेताला रस्ता लागतो, म्हणजे नेमकं काय?

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत हा प्रश्न हमखास भेटतो : कोणत्या जिल्ह्यांना दोन राज्यांच्या सीमा लागतात? उत्तर मुलांना तोंडपाठ असतं. नंदुरबार आणि धुळ्याला गुजरात व मध्य प्रदेश, गोंदियाला मध्य प्रदेश व छत्तीसगड, गडचिरोलीला छत्तीसगड व तेलंगण, नांदेडला तेलंगण व कर्नाटक, सिंधुदुर्गाला कर्नाटक व गोवा. उलट सातारा, बीड, हिंगोली, वाशिम अशा आतल्या जिल्ह्यांना एकही परराज्य लागत नाही.

उत्तर पाठ असलेल्या मुलाला ‘लागतात’ म्हणजे काय, असं विचारलं तर तो गोंधळेल, कारण हे क्रियापद आपण विचार न करता वापरतो. भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, दिवा लागतो, दार लागतं, विहिरीला पाणी लागतं, आणि जिल्ह्याला राज्यही लागतं. यातला शेवटचा अर्थ, म्हणजे दोन जागांची हद्द एकमेकींना चिकटलेली असणं, या लेखात सावकाश उलगडून पाहायचा आहे. त्यात व्याकरणाची गंमत आहेच, पण ज्याच्या नावावर गुंठाभर जरी जमीन आहे त्याच्या कामाच्या गोष्टीही आहेत. खरेदीखतातल्या चार ओळी याच क्रियापदावर उभ्या असतात.

मूळ धातू संस्कृतातला ‘लग्’, म्हणजे चिकटणे, जोडले जाणे. त्याचं भूतकाळवाचक रूप ‘लग्न’, म्हणजे जोडलेलं. दोन माणसांच्या जोडणीला आपण तो शब्द राखून ठेवला, आणि विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयाला ‘संलग्न’ म्हणू लागलो. प्राकृतातून हाच धातू ‘लागणे’ होऊन मराठीत आला. लगत, लगट, लागण, लागवड ही सगळी त्याच घरातली मंडळी. ‘आईला’, ‘गावाला’ यांतला ‘ला’ हा प्रत्ययसुद्धा याच धातूपासून आला असावा, असं काही भाषाभ्यासक मानतात. संतसाहित्यात ‘साठी’ या अर्थाने येणारं ‘लागी’ हे त्यांना मधलं पाऊल वाटतं. ते मत खरं धरलं तर ‘शेताला रस्ता लागतो’ या वाक्यात तोच धातू दोनदा आला आहे.

आता वाक्याची रचना पाहू. ‘शेताला रस्ता लागतो’ आणि ‘शेत रस्त्याला लागून आहे’ ही दोन्ही वाक्यं एकच वस्तुस्थिती सांगतात. पण ‘ला’ कुणाला चिकटला ते पाहा : पहिल्यात शेताला, दुसऱ्यात रस्त्याला. ‘लागतो’ म्हणताना ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला ‘ला’ मिळतो. शेत आपलं, आणि त्याच्या कडेला काय येतं ते सांगायचं आहे. ‘लागून’ म्हणताना मात्र ‘ला’ खुणेच्या जागेला मिळतो. रस्ता सगळ्यांना ठाऊक असतो, त्यावरून शेत कुठे ते कळतं. म्हणून ‘देवळाला लागून आमचं घर आहे’ हे सहज येतं, आणि ‘आमच्या घराला लागून देऊळ आहे’ म्हणणाऱ्याचं घर बहुधा वाडा असतो.

पहिलं वाक्य उलटं करून पाहा : ‘रस्त्याला शेत लागतं.’ व्याकरण ठीक आहे, अर्थ मात्र सरकला. आता कुणीतरी रस्त्याने चाललं आहे आणि त्याला वाटेत शेत भेटतं, असं ऐकू येतं. ‘पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागतो’ हाच तो प्रवासातला ‘लागणे’. घाटाची आणि पुण्याची हद्द एक आहे असं त्यात कुणी म्हणत नाही. म्हणजे सीमेचा ‘लागणे’ आणि वाटेचा ‘लागणे’ यांच्यात फरक करणारं वेगळं क्रियापद मराठीकडे नाही. तो फरक ‘ला’ कुठे बसतो आणि बोलणारा उभा आहे की चालतो आहे यावर ठरतो. जमिनीच्या जाहिरातीत हा घोळ सोयीस्करपणे वापरला जातो. ‘प्लॉटला जाताना हायवे लागतो’ आणि ‘प्लॉटला हायवे लागतो’ यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, वाक्यात मात्र एकाच शब्दाचा.

काळही अर्थ बदलतो. ‘आमच्या शेताला महामार्ग लागतो’ ही स्थिती झाली. ‘आमच्या शेताला महामार्ग लागला’ ही घटना : शेत होतं तिथेच आहे, महामार्ग नव्याने आला. असं राज्यांच्या बाबतीतही होतं. १ नोव्हेंबर २००० पर्यंत गडचिरोलीच्या पूर्वेला मध्य प्रदेश होता, त्या दिवशी छत्तीसगड लागला. २ जून २०१४ ला तेलंगण वेगळं झालं आणि चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांचा दक्षिणेकडचा शेजारी बदलला. तोवर महाराष्ट्राला आंध्र प्रदेश लागत होता. उरलेला आंध्र महाराष्ट्राला कुठेच लागत नाही. जमीन एक इंचही हलली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण शेताच्या चतुःसीमेतही, म्हणजे दस्तात लिहिलेल्या त्याच्या चार बाजूंच्या सीमांतही, नेमकं हेच घडतं आणि तिथे ते कुणी राजपत्रात छापत नाही.

याच क्रियापदाचा आणखी एक शेजारअर्थ आहे : ‘तो माझा मामा लागतो.’ नात्यालाही आपण लागणंच म्हणतो. तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर ‘तो तुमचा कोण लागतो?’ आणि ‘त्याचा गट तुमच्या गटाला लागतो का?’ हे दोन प्रश्न बहुधा एकापाठोपाठ येतात, आणि अनेकदा दोन्हींचं उत्तर ‘चुलतभाऊ’ असतं.

अलीकडे वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांच्या मार्गदर्शकांत एक नवी रचना रुळली आहे : ‘महाराष्ट्र सहा राज्यांशी सीमा सामायिक करतो.’ कुणी तर ‘सीमा शेअर करतो’ असंही लिहितं. मला ही रचना खटकते, आणि कारण केवळ कानाचं नाही. ‘सामाईक’ या शब्दाला मराठीत पक्का, व्यवहारातला अर्थ आहे. विहीर सामाईक असते, म्हणजे दोघांनाही पाणी उपसायचा हक्क असतो. भिंत सामाईक असते, म्हणजे एकट्याच्या मर्जीने ती पाडता येत नाही. अंगण, जिना, वाट, बांध हे सामाईक असू शकतात, कारण त्या वस्तू आहेत, त्यांना रुंदी आहे, त्यांच्यात वाटा असतो. सीमा ही रेषा आहे. तिच्यात कुणाचाच वाटा नसतो. ती कुठे आपली जागा संपते एवढंच सांगते. बांध सामाईक आहे म्हणणं बरोबर, हद्द सामाईक आहे म्हणणं ओढूनताणून. ‘महाराष्ट्राला सहा राज्यं लागतात’ या सरळ वाक्यात सगळं येतं आणि कुणाच्या मालकीचा घोळही होत नाही.

समुद्राच्या बाबतीत मराठी क्रियापद बदलते हेही मजेशीर आहे. महाराष्ट्राला गुजरात ‘लागतो’, पण समुद्रकिनारा ‘लाभतो’. शालेय भूगोलात दुसरं क्रियापद येतच नाही. कर्नाटक लाभला, असं काही मी अजून वाचलेलं नाही. बेळगाव, कारवार, निपाणीचा प्रश्न धगधगत असताना ते कुणाच्या लेखणीतून उतरणारही नाही. या सीमावादावर नेमलेला महाजन आयोग १९६६ चा, त्याचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. अशा ठिकाणी काय कुणाला लागतं हाच वाद असतो.

‘लागणे’च्या आसपास आणखी काही शब्द फिरतात आणि प्रत्येकाची ताकद वेगळी आहे. ‘भिडणे’त दोन्ही बाजूंचा जोर असतो. घराला घर भिडलेलं असतं, शिवेला शीव भिडते, आणि माणसंही एकमेकांना भिडतात. ‘खेटून’ म्हणजे मध्ये हातही जाणार नाही इतकं जवळ; ते भिंतींना शोभतं, शेतांना नाही. ‘मिळणे’ नद्यांचं आणि टोकांचं : तीन गावांच्या शिवा एका दगडाशी मिळतात. ‘शेजारी’ सैल आहे, मध्ये बोळ असला तरी चालतो. ‘जवळ’ तर इतका सैल की त्यावर विसंबून काही विकत घेऊ नये. ‘लगत’ मधला आणि म्हणून फसवा. ‘रस्त्यालगतची झाडं’ म्हणताना झाडं दोन-चार फूट आत असली तरी कुणी हरकत घेत नाही. कायद्याच्या भाषेत मात्र ‘लगतचा भूमापन क्रमांक’ म्हणजे हद्दीला हद्द चिकटलेलाच, मध्ये वीतभरसुद्धा तिसऱ्याची जमीन नको.

आणि ‘टच’. ‘रोड टच’, ‘हायवे टच’, ‘नदी टच’ हे शब्द आता मराठीच झाले आहेत, गावोगावच्या फलकांवर आहेत. शब्दाला माझी हरकत नाही, त्याच्या ढिलेपणाला आहे. त्याकडे पुढे येऊ.

सीमेला जुना मराठी शब्द ‘शीव’. तो ‘सीमा’चाच बदललेला अवतार. गावाच्या हद्दीतली सगळी जमीन ती ‘शिवार’. मुंबईच्या शीव उपनगराचं नावही हेच सांगतं : मुंबई बेट संपून साष्टीचा मुलूख जिथे सुरू व्हायचा ती ही जागा. दसऱ्याला शीव ओलांडायची म्हणून सीमोल्लंघन. गावगाड्यात शिवेचे तंटे मोठे असत. शीव कुठून जाते हे ठरवताना महार वतनदाराच्या साक्षीला मोठं वजन होतं, कारण शिवेची राखण आणि माहिती त्याच्याकडे असे. कागद नव्हता तेव्हा हद्द माणसाच्या आठवणीत आणि पायाखाली राहत होती.

पण कागद अगदीच नव्हता असंही नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गाव दान देताना त्याच्या चार ‘आघाटना’ नोंदवलेल्या असतात. पूर्वेला अमुक गाव, दक्षिणेला अमुक नदी, पश्चिमेला, उत्तरेला, आणि शेवटी अशा चार सीमांनी ओळखलेला गाव दिला, असं म्हणून वाक्य बंद होतं. आजचं खरेदीखत उघडा. गट नंबर आणि क्षेत्र लिहिल्यावर ‘यासी चतुःसीमा येणेप्रमाणे’ असं येतं आणि खाली पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस अशा चार ओळी. त्यानंतर ‘येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ ही पल्लेदार ओळ. निधिनिक्षेप म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. ते आजवर कुणाला मिळालं असेल ते असो, पण मुद्रांक शुल्क भरून संगणकावर छापलेल्या दस्तात हा हजार वर्षं जुना साचा तसाच चालत आला आहे. दिशांचा क्रमही तोच : पूर्वेपासून दक्षिणेला, म्हणजे प्रदक्षिणेचा.

हा केवळ परंपरेचा हट्ट नाही. नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम २१ प्रमाणे, मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन नसेल तर दस्त नोंदणीला घेतला जात नाही. शहरातल्या घरांसाठी ते कलम रस्त्याचं नाव आणि घर त्याच्या कोणत्या अंगाला आहे ते मागतं. बाकी जमिनींसाठी क्षेत्र मागतं, शक्य असेल तिथे सरकारी नकाशाचा किंवा भूमापनाचा संदर्भ मागतं, आणि जमीन ज्या रस्त्यांना व ज्या मिळकतींना लागून आहे त्यांची नोंद मागतं. म्हणजे आपलं क्रियापद थेट कायद्यात बसलेलं आहे.

मग सातबारा असताना चतुःसीमा कशाला? कारण सातबारा जमीन कुणाची, किती, कोणतं पीक, कुणाचा बोजा एवढं सांगतो, ती कशाला लागते ते सांगत नाही. त्याच्यावर ‘सीमा आणि भूमापन चिन्हे’ असा रकाना असतो खरा, पण तो बहुतेक रिकामाच दिसतो. जागा नकाशात असते. गावनकाशा, टिपण, गटबुक किंवा फाळणी नकाशा यांत रेषा असतात. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात शेतं मोजली गेली ती तेहतीस फुटांच्या साखळीने, आणि त्या साखळीचे सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. जुन्या टिपणांतले आकडे साखळी-आण्यांत असतात ते यामुळे. तो नकाशा आणि दस्तातल्या चार ओळी या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दोन्ही जुळणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. लिहून देणारा, लिहून घेणारा, मसुदा लिहिणारा हे सगळे मिळून मागच्या दस्तातल्या चार ओळी नव्यात उतरवतात आणि सही करतात. माझ्या मते जमिनीच्या निम्म्या तंट्यांचं बी इथेच पेरलं जातं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊन चालू. गट नंबर २१४, एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर. त्यापैकी रस्त्याकडचा ४० आर तुकडा विकायचा आहे. जुन्या दस्तात चतुःसीमा आहेत : पूर्वेस शिवराम यांची जमीन, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, उत्तरेस गट नंबर २१३.

पहिली चूक इथेच. या चार ओळी संपूर्ण गटाच्या आहेत, विकला जातोय तो ४० आरचा भाग. रस्ता पश्चिमेला आहे, म्हणून विकलेल्या भागाच्या पूर्वेला शिवराम येणारच नाहीत. तिथे विकणाऱ्याचीच राहिलेली जमीन येईल. म्हणून ‘पूर्वेस सदर गटातील लिहून देणार यांची उर्वरित जमीन’ असं लिहिलं पाहिजे. हे न लिहिता संपूर्ण गटाच्या चतुःसीमा उतरवल्या की ४० आर विकल्याचा दस्त वाचायला संपूर्ण गट विकल्यासारखा होतो. न्यायालयात अशा वेळी क्षेत्र धरायचं की चतुःसीमा, हा प्रश्न येतो. साधारण तत्त्व असं की सीमा स्पष्ट आणि निश्चित असतील तर क्षेत्राच्या आकड्यापेक्षा त्यांना वजन मिळतं. अर्थात सरसकट नाही, दस्ताचा एकूण हेतू पाहिला जातो. नंबरापेक्षा सीमा भारी ठरल्याचं उदाहरणही आहे. शिवध्यान सिंह विरुद्ध सनीचरा कुंवर या जुन्या प्रकरणात प्लॉटचा नंबर १०६० ऐवजी १६० पडला होता. खातं, क्षेत्र आणि सीमा बरोबर जुळत होत्या, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती लेखनातली चूक मानली आणि मिळकत १०६० चीच धरली.

दुसरी गोष्ट, ‘शिवराम यांची जमीन’. शिवराम गेले, तीन मुलांत वाटण्या झाल्या, एकाने विकली. चाळीस वर्षांनी ही ओळ वाचणाऱ्याला शिवराम कोण ते सांगणारं कुणी नाही. तेलंगणचं झालं तेच इथे झालं : जमीन जागच्या जागी, शेजारी बदलला. म्हणून नाव लिहावं, पण नावासोबत गट नंबर आणि हिस्सा नंबर लिहावा. नाव माणसाबरोबर जातं, नंबर नकाशात राहतो.

तिसरी, ‘दक्षिणेस ओढा’. ओढ्याला लागून असलेली जमीन ओढ्याच्या पात्रापर्यंतच असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचं पात्र शासनाचं आहे. ‘नदी टच’ प्लॉट घेणारा नदीचा मालक होत नाही, आणि पात्र बुजवून प्लॉट वाढवणारा दुसऱ्याच्या जागेत भर घालत असतो.

चौथी आणि सगळ्यांत महाग, ‘पश्चिमेस गाडीवाट’. ही वाट गावनकाशावर आहे का? तुटक रेषेने का होईना, दाखवलेली आहे का? की ती फक्त वहिवाटीने पडलेली आणि कुणाच्या तरी गटातून जाणारी आहे? वाट दुसऱ्याच्या गटातून जात असेल तर आपल्या शेताला वाट लागत नाही, तो गट लागतो. ‘रोड टच’चा ढिलेपणा म्हणतो तो हाच. रस्ता डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याची हद्द आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये कधी संपादित केलेली पट्टी असते, कधी नाला, कधी कुणाचा तरी दोन गुंठ्यांचा चिंचोळा तुकडा. तो चिंचोळा तुकडा ज्याच्याकडे आहे तो गावातला सर्वांत श्रीमंत माणूस ठरू शकतो. जमीन रस्त्याला लागते की नाही, हे डोळ्यांनी नाही, नकाशाने ठरतं.

मुळात रस्ताच लागत नसेल तर? शेती करणाऱ्यासाठी कायद्याने सोय ठेवली आहे. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. पण कलमाची भाषा नीट वाचली पाहिजे. वाट मिळते ती दुसऱ्यांच्या भूमापन क्रमांकांच्या सीमांवरून. शेताच्या मधोमध नांगर घालून वाट काढायची परवानगी हे कलम देत नाही. म्हणूनच असे अर्ज आले की कुठल्या बांधाला कुठला बांध लागतो, याचाच शोध आधी घ्यावा लागतो. अस्तित्वात असलेली वाट कुणी अडवली असेल तर मार्ग वेगळा आहे, मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा.

‘लगत’ला किंमत कशी येते ते तुकडेबंदीच्या कायद्यात दिसतं. १९४७ च्या या कायद्याचा हेतू शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत, पडलेले जोडले जावेत, हा. म्हणून प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकायचा तर तो लगतच्या भूमापन क्रमांकाच्या किंवा हिश्श्याच्या मालकालाच, असं मूळ कायद्याने ठरवलं. म्हणजे आठ गुंठ्यांच्या तुकड्याला गावात कितीही गिऱ्हाइकं असली तरी कायद्याच्या नजरेत गिऱ्हाईक तेच, ज्याच्या बांधाला हा तुकडा लागतो. पुढे या कायद्यात दुरुस्त्या होऊन बरीच सूट मिळाली आहे. त्यामुळे व्यवहार करताना जुन्या ऐकीव माहितीवर न जाता त्या वेळची स्थिती विचारून घ्यावी.

आता बांध. बांध ही हद्दीची दृश्य खूण, हद्द नव्हे. तो बहुधा दोघांचा निम्मा-निम्मा धरतात, त्याच्यावरची बाभळ मात्र कधीच निम्मी धरत नाहीत. दर वर्षी नांगरताना एक तास बांधाच्या अंगावर घेतला की वीस वर्षांत बांध सरकतो. याला ‘बांध कोरणे’ म्हणतात. बांध सरकला तरी हद्द सरकत नाही, ती टिपणात असते. म्हणून वाद झाला की उपाय एकच, हद्द कायम मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करताना चारी बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते द्यावे लागतात. मोजणीच्या दिवसाची नोटीस त्यांना जाते, कारण आपली हद्द ठरते तेव्हा त्यांचीही ठरत असते. भूकरमापक मूळ अभिलेखावरून हद्द काढतो, प्रत्यक्ष वहिवाट मोजतो आणि नकाशावर दोन्ही वेगवेगळ्या रेषांनी दाखवतो. त्या दोन रेषांमधली जागा म्हणजे भांडणाचा खरा आकार. तो पाहिल्यावर कित्येकदा दोन्ही पक्ष गप्प होतात, कारण ज्यासाठी दोन पिढ्या बोलणं बंद होतं ती जागा आंब्याच्या एका आळ्याएवढी निघते.

राहिला कोपरा. चार शेतं एका दगडाशी मिळतात तेव्हा तिरपी समोरासमोर असलेली दोन शेतं एकमेकांना लागतात का? बोलताना आपण ‘कोपऱ्याला कोपरा लागतो’ म्हणतो, म्हणजे भाषेने सूट दिली पण अट घालून. चतुःसीमेत मात्र कोपऱ्याचा शेजारी येत नाही. तिथे बाजू लागते, बिंदू लागत नाही. त्या कोपऱ्यावरून बैलगाडी नेता येत नाही, एवढं व्यवहाराला पुरे आहे.

उलट, एका बाजूला एकच शेजारी असतो असंही नाही. शेतं चौकोनी नसतात. पूर्वेची बाजू वाकडीतिकडी असेल तर तिला दोन गट आणि एक विहिरीची वाट लागू शकते. साच्यात एकच ओळ आहे म्हणून एकच नाव लिहायचं, हा आळस आहे. तिघं लागत असतील तर तिघं लिहावेत, उत्तरेकडून दक्षिणेकडे, क्रमाने. ‘उगवतीला’, ‘मावळतीला’ असं तोंडी सांगणाऱ्याची पूर्व हिवाळ्यात थोडी दक्षिणेला कललेली असते. मसुदा लिहिताना नकाशातली उत्तर धरावी.

जमीन घ्यायची असेल तर खरेदीखताचा मसुदा हातात येताच त्यातल्या चतुःसीमेच्या ओळी वेगळ्या कागदावर लिहून घ्या. गावनकाशाची आणि गटाच्या नकाशाची नक्कल काढा. मग शेतावर जाऊन पूर्वेकडून सुरुवात करून चारही बाजू चालून या, शक्य तर लगतच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन, आणि प्रत्येक बाजूला एकच प्रश्न विचारा : ही जमीन जिथे संपते तिथेच तुमची सुरू होते ना, की मध्ये आणखी काही आहे? उत्तर आणि दस्तातली ओळ जुळत नसेल तर सही करण्याआधी ओळ बदलून घ्या. नोंदणी झाल्यावर तीच ओळ बदलायची तर चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, आणि त्यासाठी पैसे घेऊन मोकळा झालेला लिहून देणारा पुन्हा दुय्यम निबंधकासमोर आणावा लागतो.